एक फाइल लिहिली, पाच कुठून आल्या?

पॉलिटेक्निकच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की या सदराची पत्रपेटी जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रश्नांनी भरते. यंदाही तेच. बहुतेक पत्रांचं दुखणं एकाच जागी आहे: क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा प्रोग्रामचा तुकडा) म्हणजे फाइल, हे डोक्यात पक्कं बसलेलं समीकरण. म्हणून या वेळी त्याच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत. आज्ञा आणि फायलींची नावं नेहमीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. कीबोर्डवर ती रोमनमध्येच मारायची, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. नव्यांसाठी एवढंच: जावासी हा जावाचा कंपायलर, तो आपण लिहिलेल्या सोर्सवरून डॉट क्लास फायली काढतो, आणि त्या चालवते ती जेव्हीएम.

प्रश्न: मॅडम, मी बिल.जावा ही एकच फाइल लिहिली. जावासी चालवल्यावर फोल्डरमध्ये पाच फायली आल्या. बिल.क्लास आणि ओळ.क्लास समजल्या, पण बिल$सूट.क्लास, बिल$१.क्लास आणि बिल$२.क्लास मी लिहिल्याच नाहीत. त्या डिलीट केल्या तर प्रोग्राम कधी चालतो, कधी मध्येच पडतो. व्हायरस तर नाही ना? आणि सबमिशनला नेमक्या कोणत्या द्यायच्या?
(विद्यार्थी, डिप्लोमा द्वितीय वर्ष, कराड)

उत्तर: व्हायरस कसला? पाचही तुझ्याच हातच्या आहेत. तू सोबत जोडलेला कोड पाहिला. वर बिल, त्याच्या खाली ओळ, आणि बिलच्या महिरपी कंसांच्या आत सूट. हे झाले तीन क्लास. मग ‘जतन करा’ आणि ‘छापा’ या दोन बटणांसाठी तू ‘न्यू अॅक्शनलिसनर’ म्हणून लगेच कंस उघडलास आणि आत मेथड, म्हणजे करायच्या कामाच्या सूचना, लिहिलीस. ते सरांच्या नोट्समधून उतरवलं असशील, पण तिथे तू दोन क्लास लिहिलेस, फक्त त्यांना नाव दिलं नाहीस. कंपायलरला तर नाव हवंच, म्हणून तो सापडतील तसे त्यांना नंबर देतो. बिल$१ म्हणजे बिलच्या आत भेटलेला पहिला निनावी क्लास, बिल$२ दुसरा. डॉलरच्या डावीकडे घर, उजवीकडे घरातला माणूस.

जावासीचा हिशेब सरळ आहे. सोर्स फायली किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रत्येक क्लासमागे एक डॉट क्लास फाइल. इंटरफेस, इनम, रेकॉर्ड, अॅनोटेशन हे सगळे या मोजणीत क्लासच धरायचे. एका फाइलमध्ये तू वीस लिहिलेस तर वीस फायली पडतील.

आता ‘कधी चालतो, कधी पडतो’ याचं. जेव्हीएम सुरू होताना तुझे सगळे क्लास उचलून आणत नाही. ज्याची गरज पहिल्यांदा पडते, तो त्या क्षणी आणते. तुझं छपाईचं बटण वेगळ्या खिडकीत आहे. ती खिडकी उघडेपर्यंत बिल$२ लागतच नाही, त्यामुळे फाइल उडवलीस तरी पहिला अर्धा तास सगळं छान. खिडकी उघडली की ‘नोक्लासडेफफाउंडएरर’. परीक्षकांसमोर नेमकी तीच खिडकी उघडली जाते, हा अनुभव तुझ्या सीनियर मुलांना विचार.

त्या दोन बटणांचा कोड बाणाच्या खुणेने, म्हणजे लॅम्डाने लिहून पाहा. लॅम्डा २०१४ साली जावा ८ मध्ये आलं. त्याच्यासाठी जावासी वेगळी डॉट क्लास फाइल काढत नाही. लॅम्डाचं शरीर बिलच्याच पोटात एका खाजगी मेथडमध्ये जातं आणि लागणारा क्लास जेव्हीएम चालता चालता मेमरीत बनवते. पण बदल केल्यावर फोल्डर बघशील तर बिल$१ आणि बिल$२ तिथेच बसलेल्या दिसतील. त्या जुन्या आहेत. जावासी नव्या फायली लिहितो, आधीच्या पुसत नाही. म्हणून सगळ्या डॉट क्लास फायली पुसून पुन्हा कंपाइल कर आणि मग मोज: तीनच येतील.

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात तुझंच पत्र येईल. एकही निनावी क्लास नसताना कधीकधी $१ उगवतो. दुसऱ्या फाइलमधल्या इनमवर, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीवर, स्विच लिहिलास तर कंपायलर आपल्या सोयीसाठी एक तक्ता बनवतो आणि तो ठेवायला गुपचूप एक क्लास काढतो. तो तू लिहिलेला नाहीस, हे खरं.

सबमिशनला बिल.जावा दे. तिच्यातून बाकीच्या कधीही काढता येतात.

प्रश्न: पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव एकच हवं, नाहीतर एरर. आमचे सर म्हणतात हा जावा भाषेचा नियम आहे. एका मित्राच्या मते भाषेत असा नियमच नाही. कोण बरोबर?
(विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर: दोघेही, थोडेथोडे. जावाच्या अधिकृत तपशीलग्रंथात कलम ७.६ मध्ये म्हटलंय ते असं: कोड जर साध्या फायलींमध्ये ठेवला जात असेल तर कंपायलर हे बंधन घालू शकतो. ‘घातलंच पाहिजे’ असं नाही. जावासीने ते घातलंय, आणि जगभर वापरात तोच असल्यामुळे तुमच्या सरांचं व्यवहारात चुकत नाही.

बंधन कशासाठी, ते कळलं की चीड येत नाही. समज, तू बिल.जावा कंपाइल करतेस आणि मध्ये ‘ग्राहक’ हा शब्द येतो. कंपायलरला ग्राहक कोण ते माहीत नाही. तो ग्राहक.क्लास किंवा ग्राहक.जावा शोधतो. दोन्ही सापडल्या तर ज्या फाइलची तारीख नवी ती घेतो. नावावरून थेट फाइल गाठता येते ती या बंधनामुळेच. नाहीतर एका ग्राहकासाठी त्याला फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडून आत डोकवावं लागलं असतं. एका फाइलला एकच नाव असतं, म्हणून तिच्यात वरच्या पातळीवर पब्लिक क्लासही एकच.

पब्लिक नसलेल्या क्लासला जावासी हटकत नाही, आणि खरी गंमत तिथे होते. वरच्या कराडच्या पत्रातला ओळ हा क्लास घ्या. तो पब्लिक नाही आणि राहतो बिल.जावामध्ये. उद्या कुणी अहवाल.जावा लिहून त्यात ओळ वापरली. फोल्डरमध्ये आधीची ओळ.क्लास पडलेली असेल तर अहवाल एकटा कंपाइल होतो. तोच सोर्स पेन ड्राइव्हवर घालून परीक्षेच्या कोऱ्या मशीनवर नेला की ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’. कारण तिथे ओळ.क्लास नाही, ओळ.जावा तर कधी नव्हतीच, आणि बिल.जावामध्ये बघावं हे कंपायलरला सुचायचं काही कारण नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालत होतं मॅडम’ या तक्रारीच्या मागे अनेकदा एवढंच असतं. जावासीला ‘एक्सलिंट’चा पर्याय देऊन कंपाइल केलं तर तो अशा क्लासला ऑक्झिलरी म्हणून बोट दाखवतो. तो इशारा ऐकावा.

माझं म्हणाल तर एका फाइलमध्ये एक क्लास. एखादा क्लास फक्त दुसऱ्या एकाच्याच कामाचा असेल तर त्याला त्याच्या आत घाला, शेजारी ठेवू नका.

प्रश्न: मी आयुष्यभर सी++ मध्ये काम केलं. नातवाचं जावाचं पुस्तक चाळतोय. हेडर फायली कुठे आहेत? लिंकर कुठे आहे? एका क्लासची एक फाइल हा काय हट्ट?
(निवृत्त अभियंता, नागपूर)

उत्तर: तुमच्याकडे क्लास हा कंपाइल करेपर्यंतच क्लास होता. एका सीपीपी फाइलमध्ये हेडर, म्हणजे मेथडींच्या घोषणांची फाइल, ओतून जे होईल त्याची एक ऑब्जेक्ट फाइल, मग आत क्लास एक असो वा पन्नास. मग लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फायली जुळवून एक चालणारी फाइल करून द्यायचा. ती चालायला लागली की कोणता क्लास कुठून आला याची विचारपूस नाही.

जावात जुळवणीचं काम प्रोग्राम चालताना होतं आणि ते नावावर होतं. डॉट क्लास फाइलच्या सुरुवातीला एक मोठी यादी असते, कॉन्स्टंट पूल म्हणतात तिला. बिलमधून ओळच्या ‘एकूण’ मेथडला बोलावलं असेल तर त्या यादीत ‘ओळ’, ‘एकूण’ आणि ‘काही न घेता इंट देते’ अशा तीन गोष्टी चक्क मजकूर म्हणून लिहिलेल्या असतात. पत्ता नाही, क्रमांक नाही. वेळ आली की जेव्हीएम ते नाव घेऊन क्लासपाथवर, म्हणजे क्लास कुठे शोधायचे त्या जागांच्या यादीत, शोधायला निघते. एका क्लासची एक फाइल असल्याशिवाय ‘मला फक्त ओळ हवी’ असं म्हणता आलं नसतं.

आणि हेडर? डॉट क्लास फाइलच हेडर. कोणत्या मेथडी, त्यांना काय द्यायचं, काय परत येतं, कोण पब्लिक, कोण प्रायव्हेट, सगळं तिच्यात असतं. दुसरा क्लास कंपाइल करताना जावासी तीच उघडून वाचतो. म्हणून सोर्स न देता नुसती जार दिली तरी तिच्या भरवशावर कोड लिहिता येतो. जार म्हणजे अशा डॉट क्लास फायलींची झिपच आहे. विश्वास नसेल तर नातवाच्या मशीनवर एखाद्या जारच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उघडून बघा.

कोणती फाइल कोणावर अवलंबून ते लिहून ठेवायच्या तुमच्या ‘मेकफाइल’च्या सवयी मात्र टाकू नका. पुढचं पत्र वाचाल तर त्या इथेही लागतात हे दिसेल.

प्रश्न: आमच्या डेअरीच्या दुकानांचं बिलिंग मी स्वतः जावात लिहिलं आहे. तुपावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला. मी करदर.जावा या फाइलमध्ये ‘तूप’ची किंमत १२ ची ५ केली, तेवढीच फाइल कंपाइल केली आणि नवी करदर.क्लास प्रत्येक दुकानात कॉपी केली. दरपत्रकाच्या पानावर ५ टक्के दिसतात, पण बिलात कर १२ नेच लागतो. मशीन बंद करून चालू केलं, जुनी फाइल शोधून शोधून पुसली. काही फरक नाही. हे आता कुठून १२ आणतंय?
(डेअरी व्यावसायिक, अकलूज)

उत्तर: हे पत्र तेव्हाचंच आहे आणि उत्तर त्यांना लगेच कळवलं होतं. पण गोष्ट सगळ्यांच्या उपयोगाची आहे म्हणून सविस्तर छापते.

तुमचं १२ करदरमधून येतच नाहीये. ते बिल.क्लासमध्ये आहे.

तुम्ही करदरमध्ये लिहिलंय: पब्लिक स्टॅटिक फायनल इंट तूप बरोबर १२. फायनल आहे, प्रकार इंट, म्हणजे पूर्णांक, आहे आणि किंमत कंपाइल करतानाच ठाऊक आहे. या तिन्ही अटी जुळल्या की जावा त्याला ‘कॉन्स्टंट’ मानते. स्ट्रिंगलाही, म्हणजे मजकुरालाही, हेच लागू. आणि कॉन्स्टंटच्या बाबतीत कंपायलर नाव मागे ठेवत नाही, किंमत उचलतो. बिल.जावामध्ये तुम्ही ‘करदर.तूप’ लिहिलंत, पण कंपाइल झालेल्या बिलमध्ये त्या जागी करदर नाही, तूप नाही, नुसते १२ आहेत. हा जावासीचा दोष नाही. तपशीलग्रंथाच्या १३ व्या प्रकरणात असंच करायला सांगितलेलं आहे.

डोळ्यांनी बघायचं असेल तर जेडीकेबरोबर, म्हणजे जावाच्या साधनांच्या संचाबरोबर, ‘जावापी’ नावाचं साधन येतं. ‘जावापी –सी बिल’ म्हणा. ते डॉट क्लास फाइल उलगडून आतल्या सूचना दाखवतं. तुमचा हिशेब पैशांत आहे, इंट वापरून. कर काढायची ओळ ‘रक्कम गुणिले करदर.तूप भागिले १००’. ती अशी दिसेल:

आयलोड_१
बायपुश १२
आयमल
बायपुश १००
आयडिव्ह

रक्कम घे, १२ ठेव, गुण, १०० ठेव, भाग. यात करदरचं नाव कुठे आहे? नाहीच. या ओळीपुरती करदर.क्लास फोल्डरमधून काढून टाकलीत तरी कर बिनबोभाट निघत राहील, १२ ने. दरपत्रकाचं पान बरोबर आलं कारण ते पान छापणारी मेथड तुम्ही करदर क्लासमध्येच लिहिली आहे, आणि तो तुम्ही नव्याने कंपाइल केला.

आता बिल.जावाला हात न लावता, एक अक्षरही न बदलता, पुन्हा कंपाइल करा आणि परत जावापी चालवा. दुसरी ओळ बदललेली दिसेल: ‘आयकॉन्स्ट_५’. उणे १ पासून ५ पर्यंतच्या आकड्यांसाठी जेव्हीएमकडे एकेका बाइटच्या तयार सूचना आहेत, त्यात तुमचा ५ काठावर बसला. दर ६ टक्के झाला असता तर पुन्हा बायपुशच दिसला असता. ६०० रुपयांच्या तुपावर कर आता ७२ ऐवजी ३० रुपये येईल.

तर तातडीचा उपाय हा: सगळ्या डॉट क्लास फायली पुसा, सगळा सोर्स एकदम कंपाइल करा आणि सगळा संच दुकानांत टाका. एकेक फाइल निवडून कॉपी करायची सवय सोडा. नागपूरच्या वाचकांना मेकफाइलबद्दल म्हटलं ते यासाठीच. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे सी++ वाल्यांना लिहून ठेवावं लागायचं, जावावाल्यांना वाटतं आपली त्यातून सुटका झाली. मेव्हनसारखं साधन वापरत असाल तर ‘क्लीन’ म्हणून मग बांधा.

तुम्ही विचाराल, फायनल काढून टाकू का? काढलंत तर बिलमध्ये बायपुशच्या जागी ‘गेटस्टॅटिक करदर.तूप’ येईल, म्हणजे नाव राहील आणि किंमत चालताना विचारली जाईल. पण मग तो आकडा कुठूनही कुणीही बदलू शकेल. त्यापेक्षा ‘तूपदर’ नावाची मेथड करा, जी ५ परत देते. मेथडचा निकाल कंपायलर दुसऱ्या क्लासमध्ये छापून ठेवत नाही.

खरं सांगायचं तर मला यातलं काहीच पुरेसं वाटत नाही. कराचा दर कोडमध्ये असूच नये. २१ सप्टेंबरचं बिल आज पुन्हा छापलं तर त्यावर १२ टक्केच यायला हवेत, आणि तुमचा नवा कोड त्यावर ५ छापेल. दर डेटाबेसच्या तक्त्यात ठेवा: वस्तू, दर, कधीपासून लागू. बिलाच्या तारखेवरून दर शोधा. मग पुढच्या वेळी दर बदलला की एकही क्लास कंपाइल करावा लागणार नाही. मधल्या दिवसांत ग्राहकांकडून जास्त घेतलेल्या कराचं काय करायचं, ते तुमच्या सीएंना विचारा. तो माझा प्रांत नाही.

मग कॉन्स्टंट वापरायचेच नाहीत का? वापरा की. आठवड्याचे दिवस ७, रुपयाचे पैसे १००. जे सरकारी अधिसूचनेने बदलू शकतं ते मात्र कॉन्स्टंट नव्हे, मग त्याच्यापुढे फायनल कितीही ठळक लिहा.

प्रश्न: ‘जावा बिल.क्लास’ अशी आज्ञा दिली तर ‘मेन क्लास सापडला नाही’ म्हणतं. फाइल समोर दिसतेय!
(विद्यार्थी, लातूर)

उत्तर: फाइल तुला दिसतेय, पण जावा या आज्ञेला तू फाइल सांगायची नसतेस, क्लासचं नाव सांगायचं असतं. टिंब म्हणजे पॅकेज. ‘बिल.क्लास’ वाचून ती बिल नावाच्या पॅकेजमध्ये, म्हणजे बिल नावाच्या फोल्डरमध्ये, ‘क्लास’ नावाचा क्लास शोधत बसते. नुसतं ‘जावा बिल’ म्हण. पुढे पॅकेज वापरायला लागशील तेव्हा दुकान पॅकेजमधला बिल हा दुकान फोल्डरमध्येच ठेव आणि आज्ञा त्या फोल्डरच्या बाहेर उभं राहून दे: ‘जावा दुकान.बिल’. आत शिरून ‘जावा बिल’ म्हटलंस तर ‘राँग नेम’ असं उत्तर मिळेल, कारण फाइलच्या आत पूर्ण नाव लिहिलेलं असतं आणि ते जुळत नाही.

प्रश्न: घरी कंपाइल केलेली जार ऑफिसच्या सर्व्हरवर ‘अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर’ देते. ६५ आणि ६१ असे आकडे येतात. आमच्याकडे एवढ्या आवृत्त्या तर नाहीत.
(नोकरदार, पुणे)

उत्तर: ते जावाचे नव्हे, क्लास फाइलच्या साच्याचे आकडे आहेत. त्यातून ४४ वजा करा. ६५ म्हणजे घरचा जावा २१, ६१ म्हणजे ऑफिसचा जावा १७. कुठलीही डॉट क्लास फाइल हेक्समध्ये उघडली तर पहिले चार बाइट सीए, एफई, बीए, बीई असे दिसतात. जेम्स गॉसलिंग यांच्या काळापासूनची ही खूण, ‘कॅफे बेब’ अशी वाचायची. तिच्या पुढच्या चार बाइटांत आवृत्ती असते, आणि जेव्हीएम ती आधी तपासते. घरी कंपाइल करताना जावासीला ‘रिलीज १७’ हा पर्याय द्या. नुसतं ‘सोर्स १७’ आणि ‘टार्गेट १७’ देऊन भागवू नका, कारण मग २१ मध्येच आलेल्या एखाद्या मेथडला कंपायलर अडवणार नाही आणि सर्व्हर ऐन वेळी अडवेल.

प्रश्न: आमच्या वर्गात सर थेट ‘जावा बिल.जावा’ म्हणतात आणि प्रोग्राम चालतो. फोल्डरमध्ये डॉट क्लास फाइल येतच नाही. मग जावाही पायथनसारखी झाली का?
(विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नाही झाली. कंपायलर तेव्हाही धावतो, फक्त निकाल डिस्कवर न लिहिता मेमरीत ठेवतो. ही सोय २०१८ साली जावा ११ मध्ये आली. तेव्हा एकाच फाइलपुरती होती, २०२४ च्या जावा २२ पासून शेजारच्या सोर्स फायलीही तो स्वतः शोधून घेतो. क्लास तेवढेच बनतात, निनावी, डॉलरवाले, सगळे. फक्त तुला दिसत नाहीत. आणि बार्शीच्या वाचकांनी इथे कान द्यावा: या पद्धतीने चालवताना पब्लिक क्लास आणि फाइल यांचं नाव एक असण्याचं बंधन लावलं जात नाही. कलम ७.६ मधलं ‘शकतो’ इथे उपयोगी पडलं.

पायथनही काही अगदी हात झटकून मोकळी नाही. तिच्या ‘पायकॅश’ फोल्डरमध्ये डोकावून बघ. तिथे पीवायसी फायली असतात, पण क्लासमागे एक नव्हे, इम्पोर्ट केलेल्या सोर्स फाइलमागे एक.

प्रश्न: मराठी माध्यमाच्या आठवीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. तुमच्या सदरात क्लासची नावं मराठीत असतात, ती फक्त छपाईपुरती का? खरोखर चालतात?
(शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: चालतात हो. जावा पहिल्यापासून युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, मानते. क्लासला ‘गाय’ म्हणा, मेथडला ‘दूध_काढ’ म्हणा, कंपायलरला काही वाटत नाही. अक्षरं, काना-मात्रा, अनुस्वार सगळं चालतं. क्लास, पब्लिक, इफ हे राखीव शब्द मात्र रोमनमध्येच लिहावे लागतात. नावाच्या मध्ये देवनागरी आकडा चालतो, पण कोडमध्ये संख्या म्हणून ‘१२’ लिहिलंत तर कंपायलर नाकारतो. उलट मुलाने चालत्या प्रोग्रामला ‘१२’ टाइप करून दिलं आणि तुम्ही ते पार्सइंटमधून, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या मेथडमधून, घेतलं, तर ते बरोबर बारा होतात. हे वर्गात करून दाखवा, मुलं खूश होतात.

दोन खड्डे आहेत. पहिला विंडोजवरचा. जावा १८ च्या, म्हणजे मार्च २०२२ च्या आधीची आवृत्ती असेल तर जावासीला ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ असं सांगावं लागतं. नव्या आवृत्तीत ते आपोआप धरलं जातं. पण काळ्या खिडकीत फाइलचं देवनागरी नाव टाइप केलं तर ते प्रश्नचिन्हं होऊन जावासीपर्यंत पोचू शकतं. म्हणून फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा आणि आतला क्लास मराठी, पब्लिक न लिहिता. वर बार्शीला दिलेला सल्ला मी इथे स्वतःच मोडते आहे, पण आठवीच्या मुलांना आधी गाय हंबरलेली दिसू दे. शाळेत लिनक्स असेल तर हा प्रश्न सहसा येतच नाही.

दुसरा खड्डा खास आपला: ‘ऱ’. ‘शेतकऱ्याचं’, ‘व्यापाऱ्याचं’ यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जावा नावं अक्षर-अक्षर ताडून बघते आणि या दोघांना वेगळं मानते. एका मुलाने मोबाइलवर टाइप केलेला क्लास दुसऱ्याने लॅपटॉपवरून बोलावला की ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ येऊ शकतं, आणि दोन्ही ओळी डोळ्यांना तंतोतंत एक दिसतात. तेव्हा सध्या ऱ नसलेली नावं द्या: गाय, शाळा, चेंडू. मुलं दहावीला गेली की त्यांना हा घोळ मुद्दाम घालून दाखवा आणि शोधायला लावा.